कशेडीला बोगदा घ्यायचा की जुना घाट?

मुंबईहून खेड-चिपळूणकडे निघालात की पोलादपूर सोडल्यावर दोन रस्ते आहेत, भोगावच्या बाजूने बोगदा नाहीतर वळणावळणाचा जुना कशेडी घाट. माझं मत आधीच सांगते, सोबत म्हातारी माणसं, लहान पोरं असतील किंवा रात्रीचा प्रवास असेल तर डोळे झाकून बोगदा घ्या.

रायगड संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो तो इथेच, आणि हा डोंगर कोकणातल्या माणसाने आयुष्यभर वरून चढून उतरून पार केलाय. पूर्वीचा एनएच १७, आताचा ६६, दोन्ही नंबर याच घाटाने पाहिले. गंमत बघा, रेल्वेवाल्यांनी हाच पट्टा नव्वदच्या दशकातच पोखरला होता, करंजाडी आणि दिवाणखवटी स्टेशनांच्या मधला नातूवाडीचा बोगदा ४ किलोमीटरच्या वर आहे, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापासून ट्रेनवाले आतून जातायत आणि एसटीवाले, ट्रकवाले मात्र पुढची पंचवीस वर्षं वरूनच. रस्त्याचा बोगदा सुमारे २ किलोमीटरचा, जाण्या-येण्याच्या दोन नळ्या, त्यातली एक २०२३ च्या गणपतीला छोट्या गाड्यांसाठी उघडली. इतका उशीर का झाला याचा मला अजूनही राग येतो कारण त्या घाटात माणसं गेलीयत.

वेळेचं बोलायचं तर घाटात पुढे एखादा लोड ट्रक लागला की पाऊण तास गेलाच समजा, बोगदा म्हणजे अप्रोच धरून दहा-पंधरा मिनिटं. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी तर फरक विचारूच नका.

पावसाळ्यात जरा वेगळा विचार करावा लागतो. घाटात धुकं आणि दरड, दोन्हीची भीती, रस्त्याकडेच्या गटारातलं पाणी अचानक गढूळ लाल व्हायला लागलं आणि बारीक खडी रस्त्यावर यायला लागली तर वरची माती सुटतेय असं धरा आणि तिथे थांबू नका, सेल्फी तर अजिबात नाही. बोगद्यातही सगळं आलबेल नव्हतं, आपला कातळ काळा आणि कडक असला तरी भेगांचा, त्यातून पाणी झिरपतंच, २०२४ च्या पावसात गळतीची खूप ओरड झाली आणि मग ग्राउटिंग करून भेगा भरायचं काम काढावं लागलं. आत शिरताना हेडलाइट लावा, लेन सोडू नका. आणि एसी फुल असेल तर बाहेर पडताना काचेवर बाहेरून वाफ धरते आणि समोरचं काहीच दिसत नाही, तेव्हा वायपर मारा, आतून पुसत बसू नका.

मग घाट कधी घ्यायचा? दिवसा, पाऊस नसताना, हातात वेळ असेल तर. वरून दिसणाऱ्या दऱ्या, थांबून घेतलेला चहा, ते बोगद्यात मिळत नाही. आणि दुरुस्तीसाठी किंवा अपघातामुळे बोगदा बंद केला की सगळी वाहतूक शेवटी घाटावरच येते, म्हणून त्याचे कठडे आणि डांबर नीट ठेवलंच पाहिजे, बोगदा झाला म्हणून घाट वाऱ्यावर सोडून चालणार नाही. गणपती, शिमग्याच्या गर्दीत निघताना बोगदा चालू आहे ना हे पोलादपूरलाच विचारून घ्या, पुढे गेल्यावर गाडी वळवायला जागा मिळत नाही.