स्नोमोबाइलची वाट: हलका ड्रॅग की मोठा ग्रूमर?

अमेरिकेत मिशिगनच्या अपर पेनिन्सुलात स्थानिक क्लब स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या छोट्या गाड्यांच्या, वाटा राखतात. स्नोमोबाइलमागे ओढायचा हलका ड्रॅग (बर्फ सपाट करणारी चौकट) स्वस्त असतो, अरुंद जंगलवाटेवर सहज वळतो. हंगामाच्या सुरुवातीचा ताजा, पातळ बर्फ दाबायला तो पुरतो. पण वर्दळीने उंचवटे टणक झाले की तो त्यांवरून नुसता उसळतो. खळग्यांत भुसभुशीत बर्फ पडतो, उंचवट्याचा पाया तसाच राहतो आणि गाड्या फिरताच खळगे पुन्हा उघडे पडतात.

पट्ट्यांवर चालणारा ग्रूमर, म्हणजे मोठा ड्रॅग ओढणारा ट्रॅक्टर, महाग, डिझेलही भरपूर पितो. तरी वर्दळीच्या वाटेला तोच हवा. त्यामागच्या ड्रॅगची तिरकी पाती उंचवटा मुळापर्यंत कापतात, बर्फ घुसळून त्यातली हवा काढतात. शेवटचा सपाट पत्रा हा बर्फ दाबतो. वेग ताशी ८ ते ११ किलोमीटर ठेवा. घाई केली तर ड्रॅग उड्या मारतो आणि स्वतःच नवे उंचवटे घडवतो. पाती फार खाली गेली तर माती-दगड वर येतात.

साधन कुठलेही असो, काम रात्री करा: गाड्या कमी, थंडी जास्त. दाबलेला बर्फ घट्ट व्हायला किमान २ तास लागतात, ६ ते १० मिळाले तर उत्तम.