टिळकवाडीतला हीनीचा वर्ग : कविता खरोखर वाचायची असेल तर

बेळगावच्या टिळकवाडीत एका निवृत्त प्राध्यापकांच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी उत्तर आयर्लंडचा कवी शेमस हीनी याच्या कवितेचा वर्ग भरतो. फी महिन्याला 800 रुपये. एम.ए.ची मुलं असतात, माझ्यासारखे हायस्कूलचे शिक्षक असतात, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकूही असतात. मी खानापूरहून येते आणि येत राहणार आहे, कारण कविता अशी शिकवलेली आमच्या भागात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पद्धत साधी, पण कडक. पुढच्या आठवड्याची कविता हाताने वहीत उतरवून आणायची. झेरॉक्स चालत नाही. वर्गात ती आळीपाळीने मोठ्याने वाचायची. मग खुद्द हीनीचा आवाज ऐकायचा. 2009 साली त्याच्या सत्तरीनिमित्त आयर्लंडच्या आरटीई या संस्थेने त्याचे संग्रह त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केले होते. एवढं झाल्यावर सर बोलायला लागतात. ‘मिड-टर्म ब्रेक’ ही धाकट्या भावाच्या मृत्यूची कविता. तीन-तीन ओळींची कडवी उतरवत आपण खाली येतो आणि शेवटची ओळ एकटीच लिहावी लागते : चार फुटांची पेटी, वर्षाला एक फूट. बी.ए.च्या गाइडमध्ये या ओळीखाली ‘करुणरस’ असं छापलं होतं. वहीत लिहिताना मला पुढे काही सुचेना.

सुरुवात मात्र हीनीपासून होत नाही, त्याच्या आधीच्या पिढीतल्या पॅट्रिक कॅव्हना या आयरिश कवीच्या ‘एपिक’पासून होते. चौदा ओळींची कविता. 1938 साल, युरोपात हिटलरशी झालेल्या म्युनिक कराराची धामधूम, आणि इकडे गावात दोन घरं खडकाळ जमिनीच्या तुकड्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत. शेवटी होमरचं भूत येऊन सांगतं की इलियड मी असल्याच गावभांडणातून रचलं. आमच्या तालुक्यात बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. वर्गात ही कविता कुणाला समजावून सांगावी लागली नाही. गावाची शीव न ओलांडता मोठी कविता होते हे कॅव्हनाने दाखवलं आणि डेरी परगण्यातल्या मॉसबॉनच्या शेतावर 1939 साली जन्मलेल्या हीनीला त्यातून बळ मिळालं, ही संगती सर फार छान लावतात. ‘डिगिंग’ या हीनीच्या बटाटे खणण्यावरच्या कवितेच्या वेळी तर कडोलीच्या एका मुलाने उभं राहून, वाकून, सरीतून बटाटा काढताना पाय कुठे आणि गुडघा कुठे हे करूनच दाखवलं. त्याच्या घरी हेच पीक. सर खुर्ची सरकवून बाजूला झाले आणि त्याला बोलू दिलं. शिक्षक म्हणून मला ते फार आवडलं.

आता मुख्य गोष्ट. उत्तर आयर्लंड म्हटलं की इथल्या माणसाला लगेच आपला सीमाभाग आठवतो. तिकडे 1921 ची फाळणी, इकडे 1956 ची भाषावार प्रांतरचना. सर हे समीकरण चटकन मांडू देत नाहीत. तिथे पुढे पेटलेल्या हिंसाचारात तीसेक वर्षांत 3,500 च्या आसपास माणसं मारली गेली, हे आधी लक्षात ठेवा म्हणतात. मग ते दोन कविता शेजारी ठेवतात. हीनीचा नात्यातला भाऊ कोलम मॅकार्टनी 1975 साली डब्लिनहून फुटबॉलचा सामना पाहून परतत होता. वाटेत त्याला गोळ्या घातल्या. ‘फील्ड वर्क’ (1979) या संग्रहातल्या ‘द स्ट्रँड ॲट लॉख बेग’मध्ये कवी पहाटेच्या दवाने त्याचा रक्ताळलेला चेहरा पुसतो. वाचताना डोळे भरून येतात. पुढच्या शनिवारी ‘स्टेशन आयलंड’ (1984). तिथे तोच भाऊ भूत होऊन समोर येतो आणि विचारतो, बातमी कळली तेव्हा तू कवींच्या घोळक्यात बसून राहिलास, आणि नंतर माझ्या मरणावर दवाची साखर पेरलीस? आपल्या सुंदर कवितेवर आपणच, दुसऱ्या कवितेत, असा आरोप ठेवायचा! त्या दिवशी वर्गात बराच वेळ वाद झाला. काकू म्हणाल्या, पहिली कविताच खरी, दुःखात माणूस हेच करतो. मला दुसरी जास्त मोलाची वाटते. एक नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभागाच्या काळ्या दिवशी, आमच्याकडे होणारी भाषणं आणि कविता मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्यातल्या काही मला पाठ आहेत, आणि आता त्या ऐकताना मी विचारते की इथे कुणाचं दुःख कुणी गोड केलंय.

उणिवा आहेत. वर्ग ‘ओपन्ड ग्राउंड’ या निवडक संग्रहापुरता चालतो, म्हणजे 1996 पर्यंतच्या कविता. 2006 च्या पक्षाघातानंतरचा हीनी, ‘ह्यूमन चेन’ (2010) मधला, हाताला लागत नाही. हे मोठं नुकसान आहे. मी सरांना सांगितलंय, दोन महिने वाढवा, फी देऊ. जिना अरुंद आणि उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. साडेसातला सुटल्यावर खानापूरची गाडी गाठताना धावपळ होते. परीक्षेची तयार उत्तरं इथे मिळत नाहीत. ज्यांना तेवढंच हवंय ते दोन-तीन आठवड्यांत गळतात.

नवीन तुकडी जूनमध्ये बसते. जाणाऱ्यांनी ‘एपिक’ आधीच वहीत उतरवून न्यावी, पहिल्या दिवशी सर नवख्यांनाच वाचायला उभं करतात.