पुण्यात रिसेल फ्लॅटसाठी एजंट: १० महिन्यांच्या वापरानंतर

कर्वेनगर भागातला दोन बेडरूमचा रिसेल फ्लॅट. किंमत ८५ लाख, दलाली १ टक्का, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,००,३०० रुपये. जानेवारी २०२५ मध्ये शोध सुरू, एप्रिलमध्ये नोंदणी, मे महिन्यात ताबा. नोव्हेंबर उजाडला तरी शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, विकणाऱ्याचंच नाव आहे, आणि दलाली नोंदणीच्या दिवशीच पूर्ण देऊन झाली आहे. हा एक कागद अडकला नसता तर एजंटला पाचपैकी चार गुण देऊन मोकळा झालो असतो.

आधी जे पैसे वसूल झाले त्याबद्दल. जुन्या पुण्यात आणि त्याला लागून असलेल्या भागांत फ्लॅट शोधणं एजंटशिवाय खरंच कठीण आहे. पोर्टलवर 'ओनर' म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच जाहिराती एजंटच्याच असतात. एकच फ्लॅट चार जणांनी चार किमतींना टाकलेला दिसतो. खरा मालक जाहिरात देत नाही, तो कोपऱ्यावरच्या एजंटला सांगतो. कुठल्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर लागतो, कुठे लिफ्टचं काम रखडलंय, कुठे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, हे एजंटला तोंडपाठ असतं. ही माहिती स्वतः गोळा करायला प्रत्येक इमारतीत दोन-तीन खेपा घालाव्या लागतील.

भाव पाडण्यात मात्र त्याचा हात किती, याचा हिशेब नीट करून पाहा. तो दोन्ही बाजूंकडून १-१ टक्का घेतो. भाव ३ लाखांनी उतरला तर त्याचं नुकसान होतं फक्त ६,००० रुपये. म्हणून तो भाव उतरू द्यायला फारशी आडकाठी करत नाही, पण तुमच्यासाठी जीव तोडून भांडतही नाही. त्याला व्यवहार लवकर पार पडायला हवा असतो. विकणाऱ्याला पैसे कधीपर्यंत हवेत, हे एजंटला हमखास माहीत असतं. तेवढी तारीख काढून घ्या. घासाघीस त्या तारखेच्या आधारावर तुम्हालाच करावी लागते.

क्षेत्रफळाच्या बाबतीत एजंटच्या आकड्यावर अजिबात जाऊ नका. जाहिरातीत '८८० स्क्वेअर फूट' म्हणजे सेलेबल, जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून. करारनाम्यात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ६४० निघतो, म्हणजे साडेसदतीस टक्के लोडिंग (वर चढवलेलं क्षेत्रफळ). ८५ लाखांना सेलेबलवर भाव पडतो ९,६५९ रुपये फूट, कार्पेटवर १३,२८१. दोन फ्लॅटची तुलना करताना एकाचा सेलेबल आणि दुसऱ्याचा बिल्टअप (भिंती धरून) धरला की महाग फ्लॅट स्वस्त वाटायला लागतो. पहिल्या भेटीतच विकणाऱ्याच्या नोंदणीकृत करारनाम्यातलं क्षेत्रफळाचं पान मागा. पार्किंगचंही तसंच. 'पार्किंगसकट' हा तोंडी शब्द आहे. सोसायटीचं पार्किंग वाटपाचं पत्र पाहिल्याशिवाय पार्किंग धरून किंमत देऊ नका.

एक गोष्ट एजंटनं आपणहून सांगायला हवी होती आणि बहुतेक जण सांगत नाहीत. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. ८५ लाखांवर ती सवलत ८५,००० रुपये, म्हणजे जीएसटी सोडून एजंटची अख्खी दलाली. अट अशी की सगळे खरेदीदार स्त्रियाच हव्यात. नवऱ्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घातलं तरी सवलत जाते. तो कर्जात सहअर्जदार राहू शकतो, पण मालक नसल्यामुळे जुन्या करप्रणालीत त्याला गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घेता येत नाही. हा हिशेब विसार देण्याआधी करा, कारण विसार पावतीवर दोन नावं आली की पुढे मसुद्यातही तीच उतरतात.

मार्चमधल्या घाईलाही बळी पडू नका. '१ एप्रिलला रेडी रेकनर वाढणार, त्याआधी उरकून घ्या' असं दरवर्षी ऐकू येतं. रेडी रेकनर म्हणजे सरकारनं ठरवलेले जागेचे दर. २०२५ मध्ये दर खरंच वाढले. पण शुल्क लागतं ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. व्यवहाराची किंमत रेडी रेकनरच्या वर असेल आणि दर वाढल्यावरही वरच राहणार असेल, तर या घाईनं एक रुपयाही वाचत नाही. उलट टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासायचे दोन आठवडे जातात.

कागदपत्रांत एजंटची लायकी मर्यादित आहे, आणि तो 'आमचे वकील आहेत' म्हणाला तर नम्रपणे नकार द्या. त्या वकिलाला पुढचं कामही एजंटकडूनच मिळणार असतं. आपला वकील लावून ३० वर्षांचा सर्च, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, भोगवटा पत्र आणि सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स (जमिनीच्या मालकीचं हस्तांतर) झालंय का, एवढं तपासून घ्या. बँकेचं 'लीगल' बँकेच्या सुरक्षेपुरतं असतं. जाहिरातीवरच्या एजंटच्या महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांकावरही फार विसंबू नका. ती नोंदणी मुळात रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे, पंचवीस वर्षं जुन्या इमारतीतला रिसेल फ्लॅट त्यात येत नाही.

टोकनचा चेक विकणाऱ्याच्या नावानं द्यायचा, एजंटच्या नाही. रोख तर नकोच: स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. विसार पावती ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. टायटलमध्ये दोष निघाला किंवा कर्ज नाकारलं गेलं तर किती दिवसांत विसार परत, ही ओळ त्यात असलीच पाहिजे. एजंटच्या छापील नमुन्यात ती सहसा नसते.

व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असला की १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा आयकर) खरेदीदारानं कापायचा आणि ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत त्याचा फॉर्म (२०२५ मध्ये २६-क्यूबी) भरायचा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर २०२५ मध्ये अर्ज चार होत. हे सीएकडून करून घ्या. विकणारा परदेशी राहत असेल तर १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, तेव्हा सीएला विसाराआधी गाठा.

नोंदणीच्या दिवशीचं काम एजंट चोख करतो, हे मान्य करायला हवं. पब्लिक डेटा एंट्री (दस्ताची माहिती ऑनलाइन भरणं), चलन, वेळ घेणं, दोन साक्षीदार, सगळं तयार असतं. फक्त 'रजिस्ट्रेशनचा खर्च' म्हणून एकगठ्ठा रक्कम मागितली की पावत्या मागा. ३० लाखांच्या वर नोंदणी फी ३०,००० रुपयांवर थांबते, दस्त हाताळणी शुल्क पानांच्या संख्येवर लागतं. त्यापुढच्या 'ऑफिस खर्चा'ला पावती नसते आणि तो देण्याचं कारणही नाही.

आता शेअर सर्टिफिकेट. नोंदणी झाली, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) हातात आला की लोकांना वाटतं घर आपलं झालं. सोसायटीच्या दप्तरात मात्र सभासद अजून जुनाच मालक असतो. सर्वसाधारण सभेत मत त्याचं, नोटीस त्याच्या नावानं, आणि उद्या पुनर्विकासाची संमती मागायला लोक त्याच्याकडेच जाणार. कर्ज असेल तर बँकही नाव बदललेलं मूळ सर्टिफिकेट मागते.

हस्तांतरासाठी विकणाऱ्याची सूचना व राजीनामा, खरेदीदाराचा सभासदत्वाचा अर्ज, नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टूची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतर फी ५०० रुपये. हस्तांतरासाठी सोसायटी घेते तो प्रीमियम सर्वसाधारण सभा ठरवते, पण महानगरपालिका हद्दीत तो २५,००० च्या वर घेता येत नाही. 'डोनेशन' किंवा 'बिल्डिंग फंड' म्हणून वर काही मागितलं तर लेखी मागणी द्या म्हणायचं. मग व्यवस्थापक समिती ठराव करते, सर्टिफिकेटच्या मागे नाव चढतं, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या होतात, आय आणि जे या सभासदांच्या रजिस्टरला नोंद होते. अर्जावर निर्णयाला समितीकडे तीन महिने असतात. तेवढ्यात काही कळवलं नाही तर उपनिबंधकांकडे जाता येतं.

अडतं ते विकणाऱ्याच्या सहीपाशी. पैसे मिळाले, ताबा दिला, की तो दुसऱ्या गावी जातो. त्याचे दोन अर्ज सहीविना राहतात, किंवा मूळ सर्टिफिकेट 'कुठेतरी ठेवलंय' असं उत्तर येतं. ते हरवलं असेल तर पोलीस तक्रार, जाहीर नोटीस, हमीपत्र आणि मग दुय्यम प्रत, यात महिने जातात. म्हणून हे सगळे फॉर्म नोंदणीच्या दिवशी, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेरच, शेवटचा चेक देण्याआधी सही करून घ्यायचे. फॉर्म सोसायटीच्या ऑफिसमधून आठवडाभर आधी आणून ठेवायचे. एजंटनं शेकडो व्यवहार केलेले असतात, त्याला हे माहीत असतं. तरीही तो करत नाही, कारण त्याचं काम त्याच्या दृष्टीनं तिथेच संपतं.

पुण्यात यात आणखी एक गुंता आहे. इमारत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे एजंटच्या बोलण्यातून कळत नाही, तो दोघांनाही 'सोसायटी' म्हणतो. अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतंच. तिथे डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त) आणि डिक्लरेशन (इमारत अपार्टमेंट म्हणून जाहीर केल्याचा दस्त) पाहायचं. पहिल्या फोनवर विचारायचा प्रश्न हा आहे.

इथवर लिहून ठेवलं तेव्हा निष्कर्ष असा होता की एजंटला फक्त फ्लॅट दाखवायचे पैसे द्यावेत. आता ते मत थोडं सुधारतो. विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता, तो एजंटनं लावून दिला, आणि पुण्याबाहेरून कागद कुरियरनं मागवून दोन्ही अर्जांवर सह्या मिळवल्या. वकिलाच्या नोटिशीनं हे इतक्या लवकर झालं नसतं. विकणाऱ्यावर कर्ज असतं तेव्हाही एजंटचा असाच उपयोग होतो: तुमच्या बँकेचा चेक विकणाऱ्याच्या बँकेत पोचवणं, कागदांची यादी मिळवणं, मूळ कागद सुटेपर्यंत दोन शाखांना जुळवून ठेवणं. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं आणि उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, तरी पाठपुरावा करायला माणूस लागतोच. तेव्हा एजंट ताब्यानंतरही कामाचा आहे. पूर्ण पैसे घेतलेला एजंट मात्र दहा फोननंतर हलतो.

म्हणून दलाली टप्प्यांत द्या आणि ते विसाराच्याच दिवशी लेखी घ्या. ८५,००० धरले तर टोकनला काही नाही. नोंदणीच्या दिवशी ४२,५००. ताबा, वीज आणि मिळकतकर बिलाची थकबाकी शून्य झाल्याची पावती मिळाल्यावर २१,२५०. आणि नवीन नाव चढलेलं शेअर सर्टिफिकेट हातात आल्यावर उरलेले २१,२५०. जीएसटी फक्त क्रमांक असलेल्या बिलावर. बहुतेक एजंट 'अ‍ॅग्रीमेंटला पूर्ण' यावर अडून बसतात. तरी निदान २०,००० मागे ठेवायला तयार नसेल त्याच्याकडून घर बघूच नका.

सह्या झालेले अर्ज सोसायटीत जमा आहेत आणि समितीची पुढची बैठक डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. महावितरणचं नाव बदलून झालं. महापालिकेत मिळकतकराचं नाव बदललं की स्वतः राहत असल्याच्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ हा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो भरून पोच घेतली आहे. ही दोन्ही कामं एजंटशिवाय अर्ध्या-अर्ध्या दिवसात होतात.