शाखा, संगणक, मोबाइल की यूपीआय : बडोद्यातल्या ज्येष्ठांनी बँकेचे काम कशावर करावे?

मांडवी किंवा रावपुऱ्यातल्या शाखेत जाऊन पासबुक भरून आणणे आता जड जाते. मुले पुण्याला, नाहीतर थेट अमेरिकेत. घरात एक जुना संगणक आणि मुलाने घेऊन दिलेला बऱ्यापैकी नवा फोन आहे, पण दोन्हींवर हात पुरता बसलेला नाही. अशा वेळी बँकेचे काम कशावर करावे? आमचे मत आधीच सांगून टाकतो : सगळे एकाच साधनावर आणू नका. पेन्शन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत ते शाखेशी जोडलेले राहू द्या. हवे तर त्याला नेट बँकिंग घ्या, पण सुरुवातीला फक्त पाहण्यापुरते. रोजच्या खर्चाला दुसरे लहान बचत खाते काढा, त्यात दहा-पंधरा हजारांवर रक्कम ठेवू नका, आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. दुकानदार गल्ल्याला आणि तिजोरीला एकच किल्ली ठेवत नाही, तसेच हे.

यामागचे कारण असे की खातेदाराचे पैसे जातात तेव्हा बहुतेक वेळा बँकेची यंत्रणा कोणी फोडलेली नसते. खातेदाराने स्वतः ओटीपी सांगितलेला असतो, पिन टाकलेला असतो किंवा कोणाच्या सांगण्यावरून एखादे अ‍ॅप फोनवर घेतलेले असते. त्यामुळे साधन निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : फसवणाऱ्याला तुमच्याकडून काय काय काढून घ्यावे लागेल, एका झटक्यात किती रक्कम जाऊ शकेल, आणि चूक लक्षात आल्यावर थांबवायला वेळ मिळेल का.

संगणक : मोठी अक्षरे, पण खोटी पानेही तितकीच मोठी

संगणकावर खाते क्रमांक नीट दिसतो, टाइप करायला कळफलक असतो, घाई कमी होते. आत जायला युजर आयडी, पासवर्ड आणि ओटीपी लागतो. काही बँका पैसे पाठवायला वेगळा पासवर्डही मागतात. नव्या माणसाला पैसे पाठवायचे तर त्याला आधी लाभार्थी म्हणून जोडावे लागते. अनेक बँकांत त्यानंतर काही तास मोठी रक्कम जात नाही. हा उशीर लोकांना त्रासाचा वाटतो, पण हातून चूक झाली असेल तर फोन करायला मिळणारा वेळ तोच.

कमजोरी ब्राउझरची, म्हणजे संकेतस्थळे उघडणाऱ्या क्रोमसारख्या प्रोग्रॅमची. तो खरे पान उघडतो तसेच खोटेही उघडतो. बँकेचे नाव सर्च करून जी पहिली ओळ दिसेल ती दाबली, की बनावट पानावर पोहोचायला वेळ लागत नाही. तिथे टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी पलीकडचा माणूस त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरतो. पत्त्याशेजारी कुलुपाचे चिन्ह दिसले म्हणून ते पान बँकेचे ठरत नाही. कुलूप खोट्या पानालाही मिळते. त्यापेक्षा भरवशाची खूण वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितले होते, आणि असा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. मात्र वाचायचे ते पत्त्यातल्या (सुरुवातीचे https:// सोडून) पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधीचे शब्द. बँकेचे नाव पत्त्यात दुसरीकडे कुठेही घुसवता येते. शाखेतून पत्ता लिहून घ्या, एकदा स्वतः टाइप करा, बुकमार्क करून ठेवा आणि पुढे कायम तिथूनच आत जा.

दुसरी अडचण संगणकाच्या वयाची. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून नेहमी मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. साधारण २०१८ च्या आधीची यंत्रे विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अटींत बसत नाहीत. घरातला संगणक तसा असेल तर त्यावर बातम्या वाचा, नातवंडांशी बोला, बँक मात्र उघडू नका. सायबर कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानातला संगणक तर कधीच नाही.

मोबाइल अ‍ॅप : दार मजबूत, पण सगळ्या चाव्या एकाच खिशात

बँकेचे अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप बँकेकडे जातो. त्यातून तुमचे सिम, तुमचा फोन आणि तुमचे खाते एकमेकांशी बांधले जातात. त्यामुळे कोणाला नुसता तुमचा एमपिन (अ‍ॅप उघडायचा पिन) कळला तरी त्याच्या फोनवरून तुमचे खाते उघडत नाही. बनावट पानाचा धोकाही इथे कमी, कारण तुम्ही पत्ता टाइप करतच नाही. नवशिक्याला अ‍ॅप ब्राउझरपेक्षा सोपे आणि बऱ्याच अंशी सुरक्षित वाटते ते म्हणूनच.

पण अ‍ॅप, ओटीपीचा एसएमएस आणि फसवणाऱ्याचा फोन, तिन्ही येतात त्याच एका यंत्रावर. नुकसान होते ते प्रामुख्याने दोन वाटांनी.

पहिली वाट एपीके फाइलची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनवर अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलची. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलान’, ‘केवायसी’, ‘वीजबिल’ किंवा लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते. नावाच्या शेवटी एपीके असते. ती उघडून परवानग्या दिल्या की तुमचे एसएमएस परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. यावर उपाय एकदाच करायचा : फोनच्या सेटिंगमध्ये ‘अननोन अ‍ॅप्स’ असे शोधा आणि तिथल्या यादीतल्या व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम व फाइल्स या तिन्हींची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (धोकादायक अ‍ॅप शोधणारी गुगलची तपासणी) चालू आहे का तेही पाहा. एखादे अ‍ॅप ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागत असेल आणि ते का हवे हे तुम्हाला समजत नसेल, तर नाही म्हणा. ती परवानगी मिळालेले अ‍ॅप स्क्रीन वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते.

दुसरी वाट स्क्रीन दाखवण्याची. ‘काका, मी मदत करतो, एवढे अ‍ॅप घ्या’ म्हणत एनीडेस्कसारखे काहीतरी उतरवायला लावतात, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवरच स्क्रीन शेअर करायला सांगतात. अ‍ॅप खरे, काम खोटे. कोणी फोनवर असताना बँकेचे अ‍ॅप उघडायचेच नाही, हा एक नियम पाळला तरी ही वाट बंद होते. आणि समोरचा माणूस अस्खलित मराठीत ‘मुंबई पोलीस’ म्हणून बोलतो एवढ्यावर बडोद्यातल्या मराठी घराने विरघळू नये. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, अशी गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

यूपीआय : खंडेराव मार्केटसाठी उत्तम, ठेवीच्या खात्यासाठी नाही

भाजी, दूध, रिक्षा, शेव-उसळ यांना यूपीआयइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण पैसे क्षणात जातात आणि परत बोलावता येत नाहीत. सर्वसाधारण मर्यादा दिवसाला एक लाख रुपये. आठवड्याला दोन हजारांची भाजी घेणाऱ्याला ती कशाला हवी? अ‍ॅपमध्ये किंवा बँकेकडून कमी करून घेता येत असेल तर पाच हजारांवर आणा. फोन बदलल्यावर किंवा नव्याने नोंदणी केल्यावर पहिले २४ तास मर्यादा साधारण पाच हजारच असते. तेव्हा व्यवहार अडला तर घाबरून ‘कस्टमर केअर’चा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात.

पिन लागतो तो पैसे पाठवायला किंवा शिल्लक पाहायला. पैसे घेण्यासाठी पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावे लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची विनंती पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण दुकाने व कंपन्या अजून विनंती पाठवू शकतात. स्कॅन केल्यावर येणारे नाव वाचायची सवय लावा.

पिनची धास्ती वाटत असेल तर यूपीआय लाइट, म्हणजे अ‍ॅपमधलेच छोटे पाकीट, बघा. त्यात जास्तीत जास्त पाच हजार रुपये ठेवता येतात, एका वेळी हजारापर्यंत पिनशिवाय जातात, आणि फोन गेला तरी तोटा तेवढ्यापुरताच. यूपीआय सर्कलमध्ये मुलाच्या खात्यातून आई पैसे देऊ शकते. पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला पंधरा हजारांपर्यंत. अर्धवट अधिकाराच्या प्रकारात मात्र प्रत्येक व्यवहाराला मुलाने पिन टाकावा लागतो. तो न्यू जर्सीत झोपलेला आणि तुम्ही भाजीवाल्यासमोर उभे, असे होणार असेल तर तो प्रकार नको.

आता एक बारकावा. यूपीआय अ‍ॅप मोबाइल नंबरवरून खाती शोधते. दोन्ही खात्यांना एकच नंबर असेल, तर फोनवरचा माणूस तुमच्याकडूनच मोठे खातेही जोडून घेऊ शकतो. त्यासाठी बऱ्याच बँकांत डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीची तारीख आणि ओटीपी एवढे पुरते. म्हणून मोठ्या खात्याचा नंबर वेगळा ठेवा, आणि ते सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. त्या फोनवर एपीके चालत नाही आणि स्क्रीन शेअरही होत नाही. संगणकावर नेट बँकिंग आणि ओटीपी बटणांच्या फोनवर, ही जोडी मोठ्या रकमेसाठी आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते. तिची किंमत म्हणजे दुसऱ्या सिमचे रिचार्ज वेळेवर करणे. ते चुकले की ओटीपीही थांबतात आणि व्यवहाराची सूचनाही. आणि आलेला ओटीपी स्वतःच्या तोंडाने सांगितला, तर ही जोडीही वाचवू शकत नाही.

शाखा : वाटते तितकी ऑफलाइन नाही

‘आपल्याला ऑनलाइन नकोच’ म्हणणाऱ्याचे डेबिट कार्ड ऑनलाइन खरेदीसाठी चालू असू शकते. अ‍ॅपमध्ये, फोन बँकिंगवर किंवा शाखेत सांगून ऑनलाइन आणि परदेशी वापर बंद करता येतो. खात्याला मुलाचा जुना, आता बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर ते आधी बदला, कारण बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. अंगठ्यावर पैसे काढत नसाल तर आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून लॉक करा. सही केलेले कोरे चेक शेजाऱ्याकडे ठेवणे हा धोका तर कोणत्याही अ‍ॅपच्या आधीचा.

सत्तरी ओलांडलेल्यांना घरी येऊन रोख देणे-घेणे, चेक नेणे अशा सेवा द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. शाखेत विचारा. काही बँका त्याचे पैसे घेतात.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर. लगेच दुसरा बँकेच्या हेल्पलाइनवर, तोही कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवरच. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा, म्हणून इथे मिनिटे मोजायची.

नुकसान कोणी सोसायचे याचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. त्यांनुसार चूक ना बँकेची ना तुमची, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर तुमच्यावर काहीच पडत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यावर कमाल दहा हजार. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान तुमचे. त्यातला बारीक अक्षरांचा भाग हाच, आणि बहुतेक प्रकरणे त्यातच बसतात. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते, माहितीसाठी १४४४८.

नुसते यूपीआय अडकले असेल, म्हणजे तुमच्याकडून कापले आणि समोरच्या व्यक्तीच्या खात्यात पोहोचले नाहीत, तर ती फसवणूक नाही. ती रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची असते.

मग तुम्ही काय घ्यावे?

एसएमएस वाचता येतो पण टाइप करणे नको वाटते, अशांनी शाखा आणि यूपीआय लाइट. फोनवर हात चालतो, रकमा लहान आहेत, त्यांनी लहान खाते आणि त्याचेच अ‍ॅप. ठेवी मोडणे-करणे, व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म (पूर्वीचा १५एच) भरणे, मुलाला मोठी रक्कम पाठवणे अशी कामे ज्यांना घरून करायची आहेत आणि ज्यांचा संगणक नवा आहे, त्यांनी नेट बँकिंग आणि बटणांचा फोन. ज्यांना फोन आला की पटकन घाबरायला होते, त्यांनी मोठ्या खात्यावर पैसे पाठवण्याचा अधिकार घेऊच नये. त्यात कमीपणा काही नाही.

शाखेत एकाच फेरीत हे सगळे होते. आधार, पॅन, पासबुक, डेबिट कार्ड आणि दोन्ही फोन बरोबर न्या. नंबर बदलणे, फक्त पाहण्याचे नेट बँकिंग, कार्डाचा ऑनलाइन वापर बंद, एसएमएस सूचना चालू, याच क्रमाने सांगा. नंबर आधी बदलला नाही, तर पुढच्या प्रत्येक कामाचा ओटीपी जुन्याच फोनवर जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग.