दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, भर उन्हात लोकलवर वापरून बघितला

एनडी फिल्टर म्हणजे लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. कंपनीचं नाव घेत नाही, ऑनलाइन स्वस्तात दिसला ७७ एमएमचा (हा लेन्सच्या तोंडाचा व्यास) आणि घेऊन टाकला. भर दुपारी आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि एफ १६ ला (लेन्सचं छिद्र बारीक) साधारण १/१०० सेकंद शटर येतो, फिल्टर लावला की तोच दहा सेकंदांवर जातो म्हणजे हजारपट उजेड कमी. कल्याणच्या पुढं रस्त्याच्या पुलावर ट्रायपॉड लावला, पहिल्या फोटोत दहा सेकंद दिले तर लोकल अर्धी गायबच, नुसता धूर, रूळ आणि खडीच दिसतेय. मग छिद्र मोठं करून एफ ८ ला अडीच सेकंदांवर आलो तेव्हा कुठं मजा आली, डबे वितळून एक लांब पट्टा आणि वरच्या खांबावर बसलेला कावळा मात्र एकदम शार्प! (तो हलला नाही हे नशीब.)

आता रडगाणं. फोटोला विटकरी झाक येते, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढला तर निघते पण थेट जेपेग (कॅमेऱ्यानं तयार केलेला फोटो) काढणाऱ्यांनी विसरा. उन्हात फिल्टरचे आटे असे अडकले की रुमालानं धरून सोडवावा लागला. फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, कारण नंतर व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायची खिडकी) काळाकुट्ट अंधार, आणि डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर तो व्ह्यूफाइंडर पण झाका नाहीतर मागून उजेड शिरतो. पुलावरून ट्रक गेला की पूल हलून शॉट वाया, त्यात फिल्टरचा काय दोष म्हणा. खरं सांगू का, फक्त ट्रेनसाठीच घेणार असाल तर सहा स्टॉपचा घ्या, तेवढा पुरतो. पाचपैकी तीन.