'द रोड' आधी वाचायचं की 'स्टेशन इलेव्हन'?

मावसबहिणीचा परवा मेसेज आला, दिवाळीच्या सुट्टीत जग बुडाल्यानंतरची एखादी कादंबरी वाचायची आहे, 'द रोड' घेऊ की 'स्टेशन इलेव्हन', नावं दोन्हींची ऐकलीत पण वेळ एकापुरताच आहे. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढतेय. काही प्रसंग उघड होतील, शेवट मात्र दोन्हींचा सांगणार नाही.

'द रोड' कॉरमॅक मॅकार्थीची, २००६ ची, पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतला पुलित्झर पुरस्कार मिळाला. एक बाप आणि त्याचा लहान मुलगा, दोघांनाही नाव नाही, सगळीकडे राख, झाडं मेलेली, सूर्य नीट दिसत नाही, आणि हे दोघं सुपरमार्केटची ट्रॉली ढकलत दक्षिणेकडे समुद्राच्या दिशेने चाललेत कारण आणखी एक हिवाळा आहे तिथे काढला तर मरणार. काय झालं, बॉम्ब पडले की उल्का आदळली, लेखक सांगतच नाही, फक्त घड्याळं १:१७ ला थांबली एवढं कळतं. खायला काही उगवत नाही म्हणून माणसं माणसांना खायला लागलीत. बापाकडे पिस्तूल आहे, सुरुवातीला त्यात दोनच गोळ्या, आणि त्यातली एक वेळ आलीच तर मुलासाठी.

हे वाचून वाटेल की सगळी भीतीच भीती आहे, आणि भीती आहेच, एका घराच्या तळघराचा प्रसंग मी दुसऱ्यांदा वाचताना पानं उलटून पुढे गेले. पण माझ्या मते पुस्तकाचा जीव दुसरीकडे आहे. समुद्राजवळ एक चोर यांचं सगळं सामान पळवतो. बाप त्याला गाठतो, पिस्तूल रोखून त्याचे सगळे कपडे, बूटसुद्धा काढायला लावतो आणि त्या थंडीत त्याला उघडा सोडून निघतो. हिशेबाने बघितलं तर बापाचं काही चुकलं नाही, त्या माणसाने यांना मरायलाच सोडलं होतं. पण मुलगा रडत राहतो, त्याला मदत करा म्हणत राहतो, शेवटी दोघं मागे येतात, तो कुठेच सापडत नाही आणि ते कपडे रस्त्यावर ठेवून जातात. हा मुलगा सगळं संपल्यानंतर जन्मलाय, शाळा, देऊळ, शेजार यातलं काहीही त्याने पाहिलेलं नाही, चांगुलपणाबद्दल जे काही कळलंय ते बापाच्या गोष्टींतून. आणि एकदा तो बापाला म्हणतो की तुमच्या गोष्टी खऱ्या नाहीत, गोष्टींमध्ये आपण सतत लोकांना मदत करतो आणि खरं तर करत नाही. मला त्या जागी पुस्तक खाली ठेवावं लागलं होतं. ज्याने मुलाला माणुसकी शिकवली त्यालाच जगण्याच्या धावपळीत ती झेपेनाशी झालीय आणि आता मुलगा त्याला ती परत देतोय.

आता 'स्टेशन इलेव्हन'. लेखिका कॅनडाची, एमिली सेंट जॉन मँडेल, पुस्तक २०१४ चं, विज्ञानकथांसाठीचा २०१५ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार यालाच मिळाला. टोरांटोच्या एका नाट्यगृहात शेक्सपिअरचं 'किंग लिअर' चालू असताना लिअर करणारा नट रंगमंचावरच कोसळतो, त्याच रात्री जॉर्जिया फ्लू नावाची साथ शहरात शिरते आणि काही आठवड्यांत आपण जिला जग म्हणतो ती व्यवस्था संपते. मग गोष्ट एकदम वीस वर्षं पुढे जाते. एक नाटक आणि वाद्यवृंदाची मंडळी अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या काठाने वस्तीवस्तीत फिरतेय, इंजिन काढलेल्या गाड्यांना घोडे जुंपलेत, सामान त्यात आणि कार्यक्रम शेक्सपिअरचे. पुढच्या गाडीवर एक वाक्य रंगवलंय, नुसतं जिवंत राहणं पुरेसं नाही अशा अर्थाचं, आणि ते आलंय एका 'स्टार ट्रेक' मालिकेतून! आपल्याकडे जत्रांच्या दिवसांत तमाशाचे फड गावोगाव फिरतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही मंडळी परकी वाटणारच नाहीत. शिवाय लिअर म्हणजे आपल्यासाठी 'नटसम्राट'. शिरवाडकरांनी आप्पासाहेब बेलवलकर त्या लिअरच्याच सावलीत उभा केला, त्यामुळे म्हातारा नट, रंगमंच आणि सगळं हातातून सुटणं हे एकत्र आलं की आपल्याला ते आतून कळतं.

लोक या पुस्तकाबद्दल म्हणतात की कला माणसाला वाचवते वगैरे, ते आहेच पण मला त्यातलं विमान जास्त लागलं. साथीच्या दिवसांत एका छोट्या विमानतळावर बरीच विमानं उतरवली जातात, त्यातलं एक धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबतं आणि त्याचं दार कधीच उघडत नाही. टर्मिनलमधली माणसं वाचतात, तिथेच राहतात, पुढे लॅपटॉप, पासपोर्ट, क्रेडिट कार्ड, उंच टाचांच्या चपला मांडून एक म्युझियम करतात, आणि ते बंद विमान वर्षानुवर्षं समोर दिसत राहतं. आत कुणीतरी ठरवलं असणार की दार उघडायचं नाही, बाहेरच्यांना वाचवायचं म्हणून. मी हे २०२० च्या मे महिन्यात वाचलं. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीने मुंबईहून परत आलेल्या एका कुटुंबाला चार तास गेटबाहेर उन्हात बसवलं होतं, सोबत सहा वर्षांची मुलगी, आणि मी गॅलरीतून बघत होते, खाली जाऊन पाण्याची बाटलीसुद्धा दिली नाही. ते मला अजून विसरता आलेलं नाही. आत असलेल्याने दुसऱ्यासाठी दार लावून घेणं आणि बाहेर असलेल्यावर आपण दार लावणं, दोन्हीकडे दार बंदच, पण फरक केवढा आहे ते या एका विमानाने दाखवलं.

म्हणजे बघा, 'द रोड' विचारतं की सगळं काढून घेतल्यावर माणूस चांगला राहील का, आणि 'स्टेशन इलेव्हन' विचारतं की जीव वाचल्यावर तो कशासाठी जगेल. पहिलं पुस्तक जास्त खोल जातं असं माझं मत आहे, दुसऱ्यात एक प्रेषित म्हणवणारा खलनायक आहे तो मला पातळ वाटला, आणि वीस वर्षं भूक कशी भागली, बाळंतपणं कशी झाली यावर लेखिका फार थांबत नाही. पण तिच्याइतकं हरवलेल्या साध्या गोष्टींवर प्रेम मी दुसरीकडे वाचलेलं नाही, एक आख्खं प्रकरण नुसती यादी आहे, आता काय काय उरलं नाही त्याची, ते वाचून उठले आणि कारण नसताना किचनचा दिवा लावून बघितला.

इंग्रजीची धास्ती असेल तर, मॅकार्थी संवादांना अवतरणचिन्हंच देत नाही, मधूनच डिक्शनरीत बघावे लागतील असे शब्द येतात, पण बापलेकाचं बोलणं अगदी दोन-दोन शब्दांचं आहे, वीस पानांनंतर लय सापडते. मँडेलची भाषा सोपी, मात्र गोष्ट साथीच्या आधी आणि नंतर अशी उड्या मारते, पात्रंही बरीच, त्यामुळे आठवड्यातून एकदा दहा पानं असं वाचलं तर धागा सुटतो. घरात लहान मूल असेल किंवा जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल तर 'द रोड' आत्ता नको, खरंच नको, 'स्टेशन इलेव्हन' घ्या, त्यात दुःख आहे पण सोबतीला माणसंही आहेत. बाकीच्यांना, एकच वाचणार असाल तर, मी 'द रोड' देईन. बहिणीला मात्र दुसरं सांगितलं, कारण मागच्या वर्षी आमचे काका गेले, म्हणजे तिचे वडील, आणि बाप खोकतोय नि मुलगा ऐकतोय अशी पानं तिने यंदाच्या दिवाळीत वाचावीत असं मला वाटत नाही.

पडद्यावर बघायचं असेल तर 'द रोड'चा २००९ चा सिनेमा प्रामाणिक आहे, व्हिगो मॉर्टेन्सनने बाप छान केलाय, पण पुस्तकाची ती शांतता त्यात पूर्ण येत नाही. 'स्टेशन इलेव्हन'ची दहा भागांची मालिका मात्र पुस्तकापासून चांगलीच वेगळी झालीय, पुस्तकात 'लिअर'च्या प्रयोगाला आलेला प्रेक्षक जीवन चौधरी आणि त्या नाटकात काम करणारी लहानगी कर्स्टन पहिल्याच रात्री वेगळे होतात, मालिकेत तो तिला आपल्या भावाच्या घरी घेऊन जातो आणि तिथून सगळंच बदलतं, म्हणून आधी पुस्तक वाचा.

आणि 'द रोड' घेतलंत तर शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचा, घरात कुणी नसताना. त्यात बाप नाही, मुलगा नाही, राखही नाही, डोंगरातल्या ओढ्यांमध्ये एकेकाळी असलेले ट्राउट मासे आहेत फक्त.