‘नऊ अधिक एक’मधला तो एक : नवे रीळ आणि वडिलांचे मिचेल, आठ महिन्यांच्या वापरानंतर

सेवाकेंद्राकडून परत आलेल्या पार्सलमध्ये माझ्या गळाच्या काठीचे रीळ होते तसेच होते आणि सोबत एक छापील चिठ्ठी होती. दुरुस्ती नाकारण्याचे कारण तीत दोन शब्दांत दिले होते : ‘पाण्याचा शिरकाव’. मासे धरायच्या रिळात पाणी गेले म्हणून वॉरंटी लागू होत नाही, हे मी कुरिअरच्या कार्यालयात उभ्याउभ्याच तीनदा वाचले. हा अनुभव लिहायला बसण्याचे खरे कारण ती चिठ्ठीच आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे माझा सूर कुठे कडवट झाला तर वाचणाऱ्याने तो हिशोबात धरावा.

पावसाळ्यातील बंदीचा काळ संपल्यावर, गेल्या ऑगस्टमध्ये मी हे ३००० आकाराचे रीळ ३,४५० रुपयांना ऑनलाइन मागवले. कंपनीचे नाव लिहीत नाही. याच वर्गातली चार-पाच रिळे आतून जवळजवळ सारखीच असतात आणि सगळ्यांच्या डब्यावर ‘९+१ बेअरिंग’ असेच काहीतरी छापलेले असते. मी लातूरहून धनेगावला मांजरा धरणाच्या पाण्यावर जातो, मच्छीमार संस्थेच्या लोकांकडे दिवसाचे पैसे भरतो, आणि कणीक व शेंगदाण्याची पेंड मळून केलेल्या गोळ्यावर रोहू, मृगळ आणि नशीब असेल तर कटला यांची वाट पाहत बसतो. पहिले चार महिने या रिळाबद्दल माझी एकही तक्रार नव्हती. ते हाताला हलके होते, दोरी स्पूलवर, म्हणजे ती गुंडाळायच्या फिरकीवर, अशी सारखी बसत होती की पाहत राहावे, आणि हँडल जिथे थांबवावे तिथेच थांबत होते. मागे केसभरही हलत नव्हते. मी तर घरी जाहीर करून टाकले होते की वडिलांचे जुने रीळ आता दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवावे.

ते जुने रीळ म्हणजे मिचेल ३००. वडिलांनी ते १९७८ साली मुंबईत बोटीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतले होते आणि त्याची खरी किंमत आईला शेवटपर्यंत सांगितली नव्हती. काळे, अंड्यासारख्या अंगाचे, डाव्या हाताने फिरवायचे. हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावण्याची सोय त्यात नाही. उजव्या हाताने फिरवायचे असेल तर त्या काळी ३०१ हे वेगळे रीळ घ्यावे लागे. २०१६ साली मांजरा कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात मी ते तेल न देता, तसेच कपाटात ठेवले आणि नंतर विसरलो. धरणात पुन्हा पाणी आले तरी कपाट काही उघडले गेले नाही. हा निष्काळजीपणा माझा, रिळाचा नव्हे.

जानेवारीतल्या एका पहाटे काठीला बांधलेली घंटी वाजली. मी काठी उचलून हिसका दिला, तर हँडल पाऊण वेढा उलटे फिरले आणि त्याची मूठ करंगळीशेजारच्या बोटाच्या सांध्यावर फाडकन बसली. दुसऱ्या हिसक्याला ते उलटे भिरभिरतच राहिले. अशा वेळी ड्रॅग, म्हणजे स्पूलला धरून ठेवणारा आणि जोराच्या ओढीला घसरू देणारा ब्रेक, कितीही आवळलेला असला तरी उपयोग नसतो, कारण स्पूल जागेवरच राहते आणि संपूर्ण फिरता भाग मागे पळतो. दोरी सैल सुटून बेलभोवती, म्हणजे दोरी स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कडीभोवती, गुंता झाला आणि मासा गेला. काठावर जाळे सोडवत बसलेले भोईमामा एवढेच म्हणाले, ‘सर, तुमचं यंत्र उलटं चालतंय की.’ बोट पंधरा दिवस निळे होते.

आता मुद्द्याचे. डब्यावरच्या ‘९+१’मधला तो अधिक एक म्हणजे सुटे छर्रे असलेले साधे बेअरिंग नव्हे, तर एकाच दिशेने फिरू देणारे क्लच-बेअरिंग असते. त्याच्या कड्यात एका बाजूला निमुळत्या होत गेलेल्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत कमानीने रेटलेला एक बारीक रूळ असतो. पुढे फिरवले की रूळ रुंद भागात मोकळे राहतात. मागे फिरवू लागताच ते अरुंद भागात पाचरीसारखे अडकतात आणि हँडल जागच्या जागी थांबते. ही अडकण केवळ धातूच्या धातूवरील पकडीवर अवलंबून असल्यामुळे मध्ये जाड वंगणाचा थर आला किंवा पाणी आणि गाळ गेला, की रूळ पाचर न होता नुसते घसरतात. जुन्या रिळात याच कामासाठी एक दातेरी चाक आणि त्यात पडणारी खिट्टी आहे, अगदी सायकलच्या फ्रीव्हीलसारखी. दाता पकडेपर्यंत हँडल थोडे मागे येते, हा तिचा दोष मानला जातो आणि तो आहेच. पण खिट्टी दात्यात पडली की पडली, मग तिच्यावर तेल असो, चिखल असो की अर्धे मांजरा धरण असो. शिवाय जुन्या रिळाला ती खिट्टी काढून ठेवणारा खटका आहे, म्हणजे मोठ्या माशाला हँडल उलटे फिरवून हाताने दोरी देता येते. माझ्या नव्या रिळात तो खटकाच नाही. पाणी शिरायला एक भोक कमी व्हावे म्हणून हल्ली अनेक रिळांतून तो काढून टाकतात, असे मला सांगण्यात आले. चिठ्ठी वाचल्यावर त्या भोकाचे मला फारच हसू आले.

सेवाकेंद्राने मला तीन आठवडे ताटकळत ठेवले. जाण्याचे कुरिअर १८० रुपये, येण्याचेही तेवढेच, आणि फोनवरच्या मुलीने दरवेळी मला नव्याने रिळाचा अनुक्रमांक विचारला. ‘सर, पाण्यापासून लांब ठेवून वापरा’ हा तिचा सल्ला मी अजून कोणाला सांगितलेला नाही, कारण ऐकणाऱ्याला तो मी रचला असे वाटेल.

शेवटी मी दोन्ही रिळे घेऊन गंजगोलाईजवळच्या एका घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावले, आधी नव्याऐवजी जुनेच उघडले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, हे दाते आमच्यातल्या माणसानं कापलेत.’ हे त्याने निव्वळ हातावरून ओळखले, आणि ते खरे आहे : मिचेल बनवणारी कार्पानो आणि पोन्स ही मंडळी फ्रान्समधल्या क्लूझची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घड्याळांचे भाग घडवणाऱ्या खोऱ्यातली. रिळांसाठीच ओळखली जाणारी स्वीडनची आबू कंपनीदेखील १९२१ साली घड्याळांसाठीच निघाली होती. आणि त्याच वर्षी जपानमध्ये शिमानो या दुसऱ्या रीळवाल्यांचा कारखाना सुरू झाला, तो सायकलच्या फ्रीव्हीलसाठी. थांबलेल्या स्पूलच्या टोकावरून दोरी सोडण्याची मूळ कल्पना तर ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ या कापड-कारखानदाराची, पेटंट १९०५चे. रीळ हा शब्द आपण दोऱ्याच्या गुंडाळीलाही वापरतो, तो असा अपघाताने जागेवर बसला आहे.

नवे रीळ उघडल्यावर मात्र मला मान खाली घालावी लागली. क्लच-बेअरिंगच्या खाचांत चिकट, पिवळसर ग्रीस ठासून भरलेले होते, आणि ते मीच डिसेंबरमध्ये मोटारसायकलच्या डब्यातून काढून भरले होते. वस्तूला वंगण देणे म्हणजे तिची काळजी घेणे, हा वडिलांचा संस्कार जुन्या रिळाला मानवतो. नव्याला तो नेमका या एका जागी बाधतो. घड्याळवाल्याने बेअरिंग पेट्रोलमध्ये दोनदा धुतले, वाळवले आणि सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एकच थेंब दिला. हँडल पुन्हा दगडासारखे थांबू लागले. त्याने दोन्ही रिळांचे मिळून ऐंशी रुपये घेतले. म्हणजे बिघाड माझा होता. तरीही तीन आठवडे रीळ ठेवून घेणाऱ्यांना झाकण उघडून ते ग्रीस दिसले नाही आणि पाणी तेवढे दिसले, याचा राग जात नाही.

त्यानंतर माझे मत बदलले आहे, पण जेथे होते तेथे परत आलेले नाही. मार्चमध्ये नव्या रिळावर साडेसहा किलोचा कटला लागला आणि त्याने एका दमात चाळीसेक मीटर दोरी नेली. ती ज्या एकसारख्या ओढीने गेली, एकही झटका न देता, ते कार्बनच्या चकत्यांच्या ड्रॅगचेच काम. कपाटात वाळून कडक झालेल्या चकत्यांच्या जुन्या रिळावर त्या पहिल्याच धावेत दोरी तुटली असती, याबद्दल मला शंका नाही. शिवाय हँडलच्या एका वेढ्यात जुन्याची बेल चार वेळाही फिरत नाही, नव्याची पाचाहून अधिक. गाळातून दोरीला बांधलेले शिशाचे वजन लवकर वर उचलायचे असते तेव्हा हा फरक कळतो. ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली, दोरीही जुन्यावर चालवू नये. बेलवरचा रोलर अडकलेला असेल तर ती एकाच जागी घासून खाच पाडते, म्हणून त्यावर मी जाडसर तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरीच ठेवली आहे.

तर सध्याची व्यवस्था अशी आहे. मोठ्या माशाच्या आशेने खोल पाण्यात टाकलेल्या काठीवर नवे रीळ, आणि काठाजवळच्या काठीवर नव्या फेल्टच्या चकत्या घातलेले मिचेल; दोरी गुंडाळताना त्याची टिकटिक पहाटे पलीकडच्या काठापर्यंत जाते आणि भोईमामांना मी आलो हे तेवढ्यावरून कळते. नव्यासाठी एक जादा क्लच-बेअरिंग मागवून ठेवले आहे, कुरिअर धरून २३५ रुपये. ग्रीसचा डबा मोटारसायकलजवळच ठेवला आहे, आणि त्याच्या झाकणावर सेवाकेंद्राची ती चिठ्ठी चिकटवली आहे.